मामाजींच्या सकाळच्या बातम्या

आमच्या मामाजींना कुठलीही गोष्ट सांगणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच आहे. फरक एवढाच, की दवंडीवाला गावाच्या वेशीपाशी थांबतो आणि मामाजी पार नागपूरपर्यंत जातात. मामाजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. त्यांची सगळी नोकरी रायपूर स्टेशनाच्या पार्सल ऑफिसात गेली. आलेला माल अडवून ठेवायचा नाही, ज्याचा त्याला रवाना करायचा, ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली, की निवृत्तीनंतर आंब्याच्या पेट्या आणि सायकली हाताशी राहिल्या नाहीत तेव्हा त्यांनी आमच्या बातम्या रवाना करायला सुरुवात केली. मी मूळची नाशिकची. आमच्या घरी नवा फ्रिज आला हे शेजाऱ्यांना त्याचं रिकामं खोकं बाहेर दिसलं तेव्हा कळलं होतं. घरातली गोष्ट घरात, हे मला बाळकडूतच मिळालेलं. नोकरीसाठी छत्तीसगडात आले, इथेच लग्न केलं, आणि नवऱ्याबरोबर हे चालतंबोलतं बातमीकेंद्र पदरात पडलं. लग्न ठरताना मला कोणी याची कल्पनाही दिली नाही. बाकी सगळं सगळ्यांना सांगणाऱ्या या कुटुंबानं नेमकी हीच गोष्ट लपवली, याचा राग मला आजही आहे.

मामाजी राहतात रायपूरच्या बुढापाऱ्यात. रोज सकाळी तलावाच्या काठानं फिरायला निघतात आणि चालता चालता घरच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकतात. "जय भीम सर्वांले. आजच्या बातम्या." मागून स्कूटरचे हॉर्न, पुढून मामाजींची धाप, आणि मधल्या जागेत आमची सगळ्यांची आयुष्यं. लहान बातमी, मोठी बातमी असा भेद त्यांना माहीत नाही. दुर्गच्या साळीची दाढ काढली, राजनांदगावच्या पुतण्याला मुलगी झाली, मामींच्या मिक्सरचं भांडं चिरलं, हे सगळं एकाच सुरात येतं. आणि बातमी पक्की केल्याशिवाय द्यायची नाही, म्हणून दाढ वरची की खालची हे आधी दुर्गला फोन करून विचारलेलं असतं. मी एकदा नव्या रायपुरातल्या आमच्या ऑफिसच्या पायरीवरून घसरले. ही गोष्ट मी फक्त नवऱ्याला सांगितली, तीही दार लावून. त्यानं मामींना फोन करून हळदीचा लेप कसा करतात ते विचारलं, आणि झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी तलावावरून म्हणाले, "सुनबाई ऑफिसात घसरली. हाडं शाबूत आहेत. लोकांनी पाहिलं म्हणून लाजली लय." मला सांगा, शेवटच्या वाक्याची काही गरज होती? दिवसभर फोन. एकीनं कुठलं तेल चोळायचं ते सांगितलं, दुसरीनं चप्पल कुठून घेतली ते विचारलं, आणि ज्यांना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही अशा एका काकांनी पायऱ्या उतरताना कुठे बघावं यावर मार्गदर्शन केलं.

संध्याकाळी मी तावातावानं बुढापाऱ्यात गेले. माझं सगळं बोलून झाल्यावर मामाजींनी मामींना चहा टाकायला सांगितला, आणि मग अगदी मनापासून म्हणाले, "अवं सुनबाई, तू पडली अन् कोणाले माहीतच नाही, मंग तू एकटीच पडली ना." त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. चहा मात्र पिऊन आले.

पण बातम्या परवडल्या, असं म्हणायची पाळी डब्यांनी आणली. रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या लाइनीवर या कुटुंबानं एकही मोठं स्टेशन मोकळं सोडलेलं नाही. दुर्गला मामींची बहीण, राजनांदगावला पुतण्या, गोंदियाला नवऱ्याचा मावसभाऊ आणि नागपुरात माझी सख्खी नणंद. आपल्यापैकी कोणी गाडीनं निघालं, की मामाजी आदल्या दिवशीच सगळीकडे फोन करून बोगीचा नंबर कळवतात, आणि प्रत्येक स्टेशनावर आपला माणूस जेवणाचा डबा घेऊन हजर राहतो. "आपल्या माणसाच्या गावावरून गाडी जाऊन राहिली अन् माणूस तसाच जाईल? काहून? आपण काय मेलो का?" असं त्यांचं म्हणणं. दुर्गला तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि टमाटरची चटणी. ती पोटात उतरते न उतरते तो राजनांदगावला तांदळाचा वाफवलेला फरा. गोंदियाला भाकरी आणि तेलात माखलेली वांगी. नागपूर येईतो मला खाली उतरायला नवऱ्याचा हात धरावा लागतो. एखाद्या डब्यातलं न खाऊन चालत नाही, कारण ते दुसऱ्या दिवशी बातम्यांत येतं. शिवाय मागच्या खेपेचे डबे परत करायचे, तेही रिकामे नाहीत, त्यात काही ना काही घालून. त्यामुळे मी प्रवासाला निघते तेव्हा कपड्यांची पिशवी एक आणि दुसऱ्यांच्या डब्यांची पिशवी तिच्याहून मोठी असते.

गोंदियाचा मावसभाऊ एकदा गर्दीमुळे बोगीच्या दारापर्यंत पोचला नाही. डबा त्यानं कोणाच्या तरी हाती आत पाठवला, पण बातमी कशी पाठवणार? एसीची काच उघडत नाही. तो खिडकीबाहेर उभा राहिला, आपल्या गुडघ्यावर हात मारला, करवत चालवल्याची खूण केली, मग कपाळाला हात लावून डोळे मिटले, आणि शेवटी अंगठा वर करून हसला. म्हणजे मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या बेशुद्ध होत्या, आता बऱ्या आहेत. सगळी बोगी पाहत होती. नागपूरला उतरताना समोरच्या बाकावरचे एक अनोळखी आजोबा मला थांबवून म्हणाले, मावशींना सांगा, जिन्यावर आधी चांगला पाय टाकायचा. मी मान खाली घालून उतरले. नवरा मात्र त्यांच्याशी गुडघ्यावर आणखी दोन वाक्यं बोलला.

सुटीचं तर नावच काढायचं नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही दोघांनीच पचमढीला जायचं ठरवलं. मामाजींनी बातमी दिली, "भाचा अन् सुनबाई पचमढीले चालले. गाडीत जागा आहे." गाडीत जागा होती ती आमच्या बॅगांसाठी होती, हे कोण कोणाला सांगणार? शेवटी मिनीबस करावी लागली. मामाजी पुढच्या सीटवर बसून प्रत्येक वळण आधी जाहीर करत होते. मी पचमढी पाहिली ती हॉटेलच्या गॅलरीत वाळत घातलेल्या नातेवाइकांच्या टॉवेलांमधून. परतताना नवरा म्हणाला, "मजा आली ना पण." रायपूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

म्हणून मुलीची पुण्याची नोकरी ठरली तेव्हा मी पदर खोचला. आमची मुलगी या गावची पोर. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. कॉलेजात गेल्यापासून ती उत्तरंही आखडत आखडत "हां मम्मी" आणि "ठीक है मम्मी" एवढ्यावर आली होती. दिवाळीनंतर ती जाणार होती. त्याआधी मला ती थोडे दिवस माझ्यापाशी हवी होती, बाकी काही नको होतं. आम्ही तिघंच, कुठेतरी समुद्र, आणि तिच्याशेजारी बसून मी तिला विचारणार होते, की तुला काय वाटतंय, भीती वाटते का, मी काय करू. हे विचारायला मिनीबस चालत नाही. मी नकाशा उघडून बसले आणि जिच्यावर एकही नातेवाईक नाही अशी लाइन शोधून काढली. रायपूरहून विशाखापट्टणम. महासमुंद सोडलं की समुद्रापर्यंत आमच्या कुळातलं चिटपाखरूही नाही. ऑफिसात सुटीचं कारण घरगुती काम असं सांगितलं. नवऱ्याला शपथ घातली.

गाडी निघाली. एकामागून एक स्टेशनं आली, कोणी आलं नाही. मी फलाटावरचा पाणचट चहा विकत घेतला आणि असा आनंदानं प्याले की नवरा माझ्याकडे बघतच राहिला. आणि टिटिलागडला गाडी थांबली तेव्हा गळ्यात गमछा टाकलेले, पांढरा स्वच्छ सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ आमच्या बोगीत चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "रायपुरवाली बहू कौन है?" मामाजींचे पार्सल ऑफिसातले जुने सोबती. निवृत्त होऊन गावी राहायला आले होते. त्यांच्या हातात पानात बांधलेलं, अजून ऊन असलेलं छेनापोड होतं, ओडिशाकडची छेना भाजून केलेली मिठाई. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बिटिया, नौकरी की बधाई। घबराना मत। सब डरते हैं शुरू में।" आणि उतरून गेले.

टिटिलागडच्या माणसाला माहीत होतं की माझी मुलगी घाबरली आहे. मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मामादादू को मैंने ही बताया था मम्मी। उनसे तो बात हो ही जाती है।"

माझा राग अनावर झाला. गाडीतूनच मी मामाजींना फोन लावला आणि इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढलं. माझ्या घरातली बातमी ही माझी आहे, माझी मुलगी ही माझी आहे, यापुढे आमचं एक अक्षर कुठे जाता कामा नये, असं मी त्यांना सुनावलं. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. "हव," म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की छेनापोड गरम होतं का. मी फोन बंद केला. समुद्रावर आम्ही तिघं वाळूत बसलो, मी ठरवलेले सगळे प्रश्न विचारले, आणि मुलगी म्हणाली, "सब ठीक है मम्मी।" छेनापोड उत्तम होतं, आणि त्याचाही मला राग आला.

मुलगी पुण्याला गेली. मामाजींचा तो "हव" चार दिवसही टिकला नाही. मी रोज रात्री फोन करायचे, खाना खा लिया, ऑफिस ठीक है, एवढं ऐकून फोन ठेवायचे. आणि सकाळी तलावावरून कळायचं, की पोट्टीनं भाकरी केली अन् जळाली. पोट्टीच्या खोलीला खिडकी आहे पण उघडत नाही. पोट्टीच्या ऑफिसात नवा साहेब आला, सर्वांसमोर बोलतो. माझ्या पोटच्या मुलीची खबर मला मामींच्या दुर्गच्या बहिणीच्या रक्तातल्या साखरेच्या शेजारी बसून ऐकावी लागत होती. याहून मोठा अपमान आईचा काय असू शकतो? जो ग्रुप मी वर्षानुवर्षं मुका करून ठेवला होता, त्याची मी आता पहाटेपासून वाट पाहायला लागले. चहाचं पाणी ठेवायचे आणि फोन ओट्यावर उभा करायचे. मामाजींना थंडीनं उशीर झाला की मला त्यांचाही राग यायचा.

आणि एका सकाळी सगळ्यांच्या बातम्या आल्या, मुलीची आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नवरा म्हणाला, राहिलं असेल. मामाजींचं राहत नाही. ज्या माणसाकडून मिक्सरचं भांडंसुद्धा सांगायचं राहत नाही, त्याच्याकडून माझ्या मुलीची बातमी कशी राहील? मी फोन केला आणि सरळ विचारलं, की पुण्याची बातमी का नाही.

मामाजी तेव्हा तलावावरच होते. मला त्यांच्यामागचे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाले, "पोट्टी म्हणाली, मामादादू, हे कोणाले नोको सांगू. मी हव म्हटलं."

"मी कोणी नाही, मामाजी. मी तिची आई आहे."

"तुलेच नोको म्हणाली," ते म्हणाले. मग घाईघाईनं, "तब्येत ठीक आहे तिची. जिवाले काही नाही. पण तू टिकीट काढ. आजच काढ."

जन्मभर ज्यांच्या तोंडात तीळ भिजला नाही, त्यांना गप्प बसायला हाच मुहूर्त सापडला होता. मी त्यांच्यावर ओरडले, रडलेसुद्धा. त्यांनी सांगितलं नाही. नवऱ्याला सुटी मिळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले.

दुर्ग आलं. मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, उठून दारापाशी गेले. कोणी नव्हतं. राजनांदगावला कोणी नव्हतं. गोंदियाला गाडी थांबली, लोक चढले, उतरले, समोश्यांची टोपली घेतलेला एक माणूस पुढे निघून गेला. मावसभावाचं घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहे. मला विलक्षण संताप आला. एवढी माणसं या लाइनीवर, आणि एकालाही यावंसं वाटू नये? गाडी सुटल्यावर मी मामाजींना फोन केला आणि म्हणाले, गोंदियाला कोणीच आलं नाही.

"मी सांगितलंच नाही कोणाले, सुनबाई," ते म्हणाले. "तुले आवडत नाही ना."

फोन त्यांनी ठेवला नाही, तसाच धरून राहिले.

"नागपूरला ताईंना पाठवा," मी म्हणाले.

नागपूरच्या फलाटावर माझी नणंद घरच्याच साडीत उभी होती. स्वयंपाक अर्धा टाकून आली असावी, कारण डब्यात नुसता वरणभात होता, वाफेनं झाकण चिकटलेलं. तिनं तो माझ्या हातात दिला आणि उभी राहिली. एरवी ही बाई गाडी पूर्ण थांबायच्या आधी विचारायला सुरुवात करते, पगारवाढ झाली का, मुलीचं कुठे पाहताय का, वजन का वाढलं. आज गप्प. शेवटी मीच म्हणाले, काही विचारत नाही तुम्ही? तर म्हणाली, "मामाजीनं सांगितलं, डबा देजो अन् काही विचारजो नोको."

"माझी मुलगी मला काही सांगत नाही, ताई," मी म्हणाले.

आणि मग मला थांबता येईना. लोक बॅगा घेऊन माझ्या अंगावरून चढत होते, उतरत होते, आणि मी बोगीच्या दारात उभी राहून तिला सगळं सांगत होते, समुद्राचं, रोजच्या दोन मिनिटांच्या फोनचं, तीन सकाळी न आलेल्या बातमीचं. नाशिकच्या माझ्या आईनं ते पाहिलं असतं तर तिला भोवळ आली असती. नणंद नुसती माझं मनगट धरून होती. गाडी हलली तशी ती सोबत चालायला लागली, आणि फलाट संपेपर्यंत मी सांगतच होते.

मुलीनं नोकरी सोडली होती, एवढंच होतं ते. त्या साहेबाचं बोलणं सोसलं नाही, एका दुपारी उठून आली आणि परत गेली नाही. मला कोणत्या तोंडानं सांगू म्हणून त्या न उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत पडून होती. दार उघडून मला पाहिल्यावर ती इतकी रडली की मला माझा राग कुठे ठेवावा ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिच्या अरुंद पलंगावर पडल्या पडल्या मामाजींच्या बातम्या ऐकल्या. दुर्गला पाहुणे आले होते. मामींनी लोणचं घातलं होतं. आणि शेवटी, तलावाच्या वळणावरची ती ओळखीची धाप टाकून ते म्हणाले, "सुनबाई पुण्याले पोचली. पोट्टी मजेत आहे." माझ्या कुशीत तोंड खुपसलेल्या मुलीचे डोळे अजून सुजलेले होते. इतक्या वर्षांत मामाजींनी दिलेली ही पहिली खोटी बातमी, आणि ती खरी होईपर्यंत ते ती रोज सकाळी देत राहिले.